विश्लेषण : बाइकचा पुढचा ब्रेक घरी खोलताय? ज्याच्या नियमावर तो चालतो, तो ब्लेझ पास्कल कोण होता?

मोटारसायकल थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे पुढचा कॅलिपर आखडला, पिस्टनवर चिखल साचला किंवा ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली, तर मागच्या ब्रेकच्या भरवशावर राहण्यात अर्थ नसतो. हल्ली बरेच जण हा कॅलिपर रविवारी पार्किंगमध्येच खोलतात. हत्यारं फारशी लागत नाहीत. पण आत नेमकं काय चाललंय हे कळल्याशिवाय त्याला हात लावणं धोक्याचं असतं.

आत फक्त दोन गोष्टींचा खेळ आहे. बंद जागेतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. हवा मात्र दाबली की आक्रसते. पहिली गोष्ट ब्रेक लावते, दुसरी ब्रेक घालवते. या दोन्हींवर प्रयोग करून पुस्तक लिहिणारा माणूस एकच होता. नववी-दहावीपासून आपण त्याचं नाव एका नियमापुरतं पाठ करतो. इंजिनीअरिंगच्या तोंडी परीक्षेतही नियम सांगितला की काम भागतं, माणसाबद्दल कुणी विचारत नाही. वास्तविक ब्लेझ पास्कलचं ३९ वर्षांचं आयुष्य त्याच्या नियमापेक्षा कितीतरी जास्त खळबळीचं होतं.

आई नाही, शाळा नाही

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्सच्या ओव्हेर्न भागातल्या क्लेरमाँ या गावात झाला. वडील एतिएन हे करखात्याशी संबंधित न्यायाधिकारी होते आणि त्यांना गणिताची चांगली जाण होती. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. मोठी बहीण जिल्बेर्त, धाकटी जॅकलिन आणि मधला हा सतत आजारी असणारा मुलगा. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि मुलाला शाळेत न घालता स्वतःच शिकवायला लागले.

त्यांचा एक विचित्र नियम होता. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तकं मुलापासून लपवून ठेवली. परिणाम उलटाच झाला. जिल्बेर्तने पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, बारा वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशाने आकृत्या काढत होता आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते इथपर्यंत स्वतःच पोहोचला होता. वडिलांनी हार मानली आणि युक्लिडचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. बहिणीने भावाबद्दल लिहिलेल्या आठवणीत थोडी भर पडलेली असू शकते, पण सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर लिहिलेला निबंध छापील आहे. त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

मधल्या काळात कुटुंबावर मोठं संकट आलं. सरकारने कर्जरोख्यांचे पैसे थकवले म्हणून १६३८ मध्ये गुंतवणूकदारांनी आवाज उठवला, त्यात एतिएन होते. कार्डिनल रिशेल्यू तेव्हा फ्रान्सचा सर्वेसर्वा होता. अटक टाळण्यासाठी एतिएनना पॅरिस सोडून पळावं लागलं. पुढच्या वर्षी रिशेल्यूसमोर झालेल्या एका बालनाट्यात जॅकलिनने काम केलं आणि नंतर थेट त्याच्याकडेच वडिलांसाठी माफी मागितली. ती मिळाली. वर रुआँ शहरात करवसुलीची मोठी नेमणूकही मिळाली. हे कुटुंब उभं राहिलं ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या धीटपणामुळे. पास्कलच्या चरित्रांत ही गोष्ट एखाद्या वाक्यात उरकली जाते, ते काही बरोबर नाही.

डुप्लिकेट मालाचा त्रास तेव्हाही होता

रुआँत वडिलांना रात्र-रात्र कराच्या बेरजा कराव्या लागत. फ्रेंच चलनात १२ दनिएचा एक सू आणि २० सूंचा एक लिव्र असे. आपल्याकडे रुपये-आणे-पै होते, तशीच भानगड. १६४२ मध्ये १९ वर्षांच्या ब्लेझने वडिलांसाठी बेरीज करणारं यंत्र बनवायला घेतलं. दातेरी चाकं फिरवायची, नऊच्या पुढे गेलं की हातचा आपोआप पुढच्या चाकावर जायचा.

कल्पना सोपी होती, पण ती प्रत्यक्षात आणताना नाकी नऊ आले. त्या काळच्या कारागिरांना इतक्या बारीक मापाची चाकं बनवायची सवय नव्हती. लाकूड, हस्तिदंत, पितळ असं सगळं वापरून त्याने सुमारे ५० नमुने केले. १६४५ मध्ये यंत्र लोकांपुढे आलं. त्यासोबतच्या पत्रकात त्याने एका घड्याळजीची कैफियत मांडली आहे. त्या घड्याळजीने यंत्राबद्दल नुसतं ऐकून एक नक्कल तयार केली. बाहेरून ती चकचकीत होती, आतून कुचकामी. वीस वर्षांचा पास्कल त्या वेळी इतका खचला की त्याने काही काळ कामच थांबवलं. चकाकी बघून डुप्लिकेट ब्रेक पॅड घेतलेल्या कुणालाही त्याचं दुःख समजेल.

यंत्र महाग होतं, फार विकलं गेलं नाही. पण या कामाने पास्कलला एक गोष्ट दिली. कागदावरचं बरोबर आणि हातातल्या धातूतलं बरोबर यांत किती अंतर असतं, ते त्याला कळलं.

पारा, डोंगर आणि अर्धा फुगवलेला फुगा

१६४६ च्या हिवाळ्यात वडील बर्फावर घसरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड निखळलं. उपचाराला आलेले दोघे भाऊ यान्सेनवादी, म्हणजे कॅथलिक धर्मातल्या एका कडक पंथाचे होते. त्यांच्या सहवासात सगळं घर त्या पंथाकडे ओढलं गेलं. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

त्याच वर्षी रुआँत एका प्रयोगाची बातमी पोहोचली. इटलीच्या टॉरिसेलीने पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली होती. पारा थोडा खाली उतरून थांबला आणि वर मोकळी जागा राहिली. त्या जागेत काय आहे? निसर्गात पोकळी असूच शकत नाही, असं त्या वेळचे बहुतेक विद्वान मानत. पास्कलने ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या, त्यात पाणी आणि लाल वाइन भरून तेच जाहीरपणे करून दाखवलं. १६४७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि वादाला तोंड फुटलं.

मग त्याने निर्णायक प्रयोग आखला. पाऱ्याला बाहेरच्या हवेचं वजन तोलून धरत असेल, तर उंचावर हवा कमी असल्याने पारा खाली यायला हवा. त्याची तब्येत डोंगर चढण्यासारखी नव्हती. त्यामुळे काम जिल्बेर्तच्या नवऱ्यावर, फ्लोरँ पेरियेवर आलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरियेने क्लेरमाँच्या एका मठाच्या बागेत एक नळी देखरेखीखाली ठेवली आणि दुसरी घेऊन तो पुई द दोम हा सुमारे १४६५ मीटर उंचीचा डोंगर चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा जास्त खाली आला होता. माथ्यावरच जागा बदलून त्याने पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा तोच. बागेतला पारा दिवसभर जागचा हलला नव्हता.

प्रयोगाची कल्पना मुळात आपली होती, असा दावा नंतर देकार्तने केला. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

पास्कलच्या लिखाणात आणखी एक साधा प्रयोग आहे. अर्धवट फुगवलेला फुगा डोंगरावर नेला तर वर जाताना तो फुगत जातो, खाली आणला की पुन्हा सुरकुततो. म्हणजे हवा बाहेरच्या दाबाप्रमाणे आक्रसते आणि पसरते. ब्रेकचं लिव्हर स्पंजसारखं मऊ का लागतं, त्याचं उत्तर या फुग्यात आहे.

एक माणूस बरोबर शंभर माणसं

१६५३-५४ च्या सुमारास पास्कलने द्रवांच्या समतोलावर एक छोटा ग्रंथ लिहिला. द्रवांच्या दाबावर त्याच्याआधी सायमन स्टेविनने काम केलं होतं. पास्कलने त्यातून यंत्र उभं केलं. पाण्याने भरलेलं बंद भांडं घ्या, त्याला दोन तोंडं ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींत घट्ट बसणारे दट्ट्ये बसवा. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचा जोर तोलला जाईल. जोर फुकट मिळत नाही, हेही त्याने सांगून ठेवलं. लहान दट्ट्या एक इंच सरकला तर मोठा इंचाचा फक्त शंभरावा भाग सरकतो.

आता हँडलकडे या. उदाहरणादाखल मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा ३२ मिलिमीटरचा धरू. क्षेत्रफळं सुमारे १२७ आणि ८०४ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण सहापट फरक. हाताने लिव्हरवर १० किलोचा जोर लावला आणि लिव्हरच्या रचनेमुळे तोही सहापट झाला, तर मास्टर सिलिंडरवर ६० आणि ब्रेक पॅडवर जवळपास ३८० किलोचा जोर पडतो. दोन बोटांनी दीडशे किलोची गाडी थांबते ती अशी.

हवेचा हिशेब याच आकड्यांतून निघतो. त्या क्षणी ऑइलमधला दाब वातावरणाच्या साधारण ४५ पट असतो. मास्टर पिस्टन १२ मिलिमीटर सरकत असेल तर तो जेमतेम दीड मिलिलिटर ऑइल ढकलतो. नळीत कुठे तेवढीच दीड मिलिलिटर हवा अडकली असेल, तर ती दाबली जाऊन जवळजवळ नाहीशी होते आणि लिव्हरचा अख्खा प्रवास तिच्यातच संपतो. पॅडपर्यंत काही पोहोचतच नाही. चमचाभरही नाही, पाव-अर्ध्या चमच्याची हवा, आणि गाडी थांबत नाही.

मग घरी काय करायचं?

कॅलिपरचे दोन बोल्ट काढले की तो हातात येतो. तो होज पाइपवर लोंबकळत सोडू नका, दोरीने बांधून ठेवा. पॅड काढा आणि पिस्टनचा बाहेर दिसणारा भाग बघा. त्यावर ब्रेकची काळी भुकटी आणि चिखल चिकटलेला असतो. तो तसाच आत ढकलणं ही सर्रास होणारी चूक. पिस्टनभोवती चौकोनी कडांची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनसोबत किंचित पिळवटते आणि सोडला की पिस्टनला मागे ओढते. परत येणारी वेगळी स्प्रिंग तिथे नसते. सीलमध्ये घाण गेली की पिस्टन मागे येत नाही, पॅड घासत राहतो आणि डिस्क तापते. म्हणून लिव्हर अगदी हळू दाबून पिस्टन थोडाच बाहेर आणा, निघून येणार नाही इतपतच, आणि साबणाचं पाणी व जुन्या टूथब्रशने किंवा ब्रेक क्लीनरने सगळीकडून घासा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल सीलला लावू नका, रबर फुगतं. पिस्टनचा मुलामा खरवडलेला दिसला तर साफसफाई थांबवा, तो बदलायलाच हवा.

बऱ्याच गाड्यांच्या कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो आणि पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसरा पॅड दाबतो. या पिना सुकल्या की एकच पॅड झिजतो. जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, पण त्याचा कणही पॅडवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नका. पिस्टन आत ढकलताना वरच्या डबीतलं ऑइल चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग जातो.

हवा काढायची तर ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल सैल करा, बुडबुडे येऊ द्या, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. डबी रिकामी होऊ द्यायची नाही. डॉट-४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या ऑइलचा उकळबिंदू मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. लांब घाट उतरताना ऑइल उकळलं तर त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आक्रसते. एबीएस असलेल्या गाडीत हवा एबीएस युनिटमध्ये अडकू शकते. तिथे हे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवलेलं बरं.

सगळं सोडून दिलेला माणूस

ग्रंथ लिहून झाला, पण पास्कलने तो छापला नाही. १६५१ मध्ये वडील गेले. जॅकलिनला पोर रॉयालच्या मठात जोगीण व्हायचं होतं. ब्लेझने आधी विरोध केला, तिच्या वाट्याच्या पैशांवरून दोघांत कटुता आली. १६५२ मध्ये ती गेलीच. तो एकटा पडला. त्या काळात जुगारी मित्रांच्या प्रश्नांवरून १६५४ मध्ये त्याने गणिती फर्माशी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. विम्याचा हप्ता ठरतो तो याच गणितावर.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला तीव्र धार्मिक अनुभव आला. तो त्याने कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. मृत्यूनंतर एका नोकराला तो सापडला. तोवर घरात कुणालाच पत्ता नव्हता. यामागे एक अपघात होता असं सांगतात. पुलावर घोडे उधळले, पाण्यात पडले, लगाम तुटले आणि बग्गी काठावर लटकली. ब्रेकवरच्या लेखासाठी ही गोष्ट फार सोयीची आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

त्यानंतर विज्ञान जवळपास सुटलं. १६५६-५७ मध्ये त्याने टोपणनावाने जेझुइट पंथीयांवर कोरडे ओढणारी पत्रं लिहिली आणि चर्चने ती बंदी घातलेल्या पुस्तकांत टाकली. १६५८ मध्ये दातदुखीने झोप येईना म्हणून चक्राभ या वक्राचं गणित सोडवलं. पोटदुखी आणि डोकेदुखीने तो कायम त्रस्त असे. धर्मावरच्या मोठ्या ग्रंथासाठी काढलेली टिपणं अपुरीच राहिली, ती १६७० मध्ये पुस्तकरूपाने आली.

शेवटचं काम मात्र अनपेक्षित आहे. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, पाच सू भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. गाडी भरो न भरो, वेळेवर सुटायची. ही योजना पास्कलची होती. शहर बससेवेची सुरुवात शोधताना अभ्यासक इथपर्यंत येतात. पॅरिसच्या न्यायसभेने सैनिक, नोकर आणि मजुरांना त्यात चढायला मनाई केली, आणि काही वर्षांत ती सेवा बंद पडली.

जॅकलिन आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली होती. १९ ऑगस्ट १६६२ रोजी जिल्बेर्तच्या घरी ब्लेझ गेला. द्रवांवरचा आणि हवेच्या वजनावरचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. रॉबर्ट बॉइलने तो वाचून शंका काढली की यातले काही प्रयोग प्रत्यक्ष केले होते की नुसते डोक्यात? शंका रास्त होती. शंभर माणसांचा जोर पेलणारे, न गळणारे दट्ट्ये त्या काळी कोण बनवणार? १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा तो नियम कामाला लागला. त्याचा खरा अडथळा गळती हाच होता, म्हणजे सीलचा प्रश्न. १९२० च्या दशकात मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक आले. १९६९ मध्ये होंडाने सीबी-७५० या मोटारसायकलला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दिला आणि मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर तो रुळला. १९७१ मध्ये दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला पास्कलचं नाव मिळालं. वर हिशेब केलेला लिव्हरचा दाब म्हणजे सुमारे ४६ लाख पास्कल.

कॅलिपर परत बसवून बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळले, तरी गाडी लगेच काढू नका. साफ करताना पिस्टन पूर्ण आत ढकललेला असतो. मास्टर पिस्टन सहा मिलिमीटर सरकेल तेव्हा हा एक मिलिमीटर बाहेर येणार, त्यामुळे पहिल्या दाबात लिव्हर हँडलला टेकतं आणि ब्रेक लागतच नाही. गाडी स्टँडवर असतानाच लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा, डबीतली ऑइलची पातळी बघा, निपल आणि जोडांभोवती ओल नाही ना ते पुसून पाहा, आणि पहिला ब्रेक सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगात मारा.